घोटलेला घेवडा आणि आईचे उपास

बहरीनमधल्या आमच्या घरी आठवड्यातून एकदा तरी घेवडा घोटला जातो. त्याला 'रिफ्राइड बीन्स' म्हणतात हे मला माझ्या लेकीने शिकवलं. तेव्हा ती नववीत होती. वीकएंडला इथल्याच अमवाज भागातल्या एका मैत्रिणीकडे राहायला गेली आणि परत आली ती हेच घेऊन. "मम्मा, दे हॅव धिस थिंग विथ बीन्स, इट्स सो गुड," असं तिने दारात बूट काढता काढताच सुरू केलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी सुपरमार्केटमधून डबा आणून उघडला. आत खळीसारखं काहीतरी होतं, चमचा उभा केला तर उभाच राहणारं, आणि चवीला नुसतं मीठ. तो डबा मी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवला आणि तिसऱ्या दिवशी फेकून दिला. एरवी अन्न फेकायचं तर माझा जीव वर-खाली होतो. त्या दिवशी काहीही झालं नाही.

मग घरी करून पाहिलं, आणि लक्षात आलं की यात न जमण्यासारखं काहीच नाही. पिंटो बीन्स रात्रभर भिजवायचे. सकाळी कुकरमध्ये भरपूर पाणी, अख्खा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या आणि तमालपत्र घालून चांगले मऊ शिजवायचे. आपण उसळीला शिजवतो तसे नव्हे. उसळीचा दाणा अखंड राहिला पाहिजे. इथे तो दोन बोटांत धरला तर साल कुठे संपली आणि गर कुठे सुरू झाला हे कळता कामा नये. मग जाड बुडाच्या कढईत जरा सढळ हाताने तेल, त्यात बारीक चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण, जिरेपूड, लाल तिखट. त्यावर शिजलेले दाणे आणि त्यांचंच पाणी डावाडावाने घालत पावभाजीच्या मॅशरने घोटत राहायचं. उलथन्याने कढईच्या बुडावर रेघ ओढली आणि ती लगेच बुजली नाही, की गॅस बंद. शेवटी लिंबू पिळायचं. लेक ते खुबुझमध्ये, म्हणजे इथल्या अरबी रोटीत, गुंडाळून नेते, नवरा टोस्टवर चीजखाली लावतो, आणि मी भाताबरोबर खाते. उरलंच तर दुसऱ्या दिवशी त्याचे पराठे होतात. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी मी एकदा घालून पाहिली. लेक म्हणाली, "नाऊ इट्स जस्ट आमटी." ते तिचं खरं होतं.

हे करताना, विशेषतः शेवटी कढईत ती रेघ उमटते तेव्हा, मला आजही हायसं वाटतं. त्याचं कारण स्वयंपाकात नाही, आईत आहे.

वडील गेल्यापासून आई भावाकडे, कोरेगावजवळच्या आमच्या गावी असते. मागच्या वर्षी थंडीत ती पहिल्यांदाच तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली. बॅग उघडली तर निम्मी बॅग खाण्याच्या सामानाने भरलेली. त्यात वाघ्या घेवड्याची एक शिवलेली पिशवी होती. आमच्याकडचा हा घेवडा, बदामी अंगावर तांबूस पट्टे असलेला. शेजारी पिंटो बीन्स ठेवले तर सख्खी भावंडं वाटावीत. पिशवी मी कपाटात ठेवली आणि म्हटलं, आता आईच्या हातची आमटी खायची.

आमटी काही झाली नाही, कारण पहिल्या आठवड्यातच आईचे उपास सुरू झाले.

उपास ती आधीही करायची. चतुर्थी, एकादशी, आणि फार तर श्रावणातले सोमवार. इथे आल्यावर मात्र देवांची रांगच लागली. मार्गशीर्षातले गुरुवार होतेच. त्यांच्या जोडीला सोमवार आले, मग शनिवार. मंगळवार कुणासाठी असं मी विचारलं, तर म्हणाली, "देवीचा." देवीचा तर शुक्रवार असतो ना, असं विचारल्यावर "तिला वारांचं काय," म्हणून मला गप्प केलं. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, शिकरण, उकडलेलं रताळं, यावरच तिचा दिवस निघायचा. जो वार मोकळा असे, त्या दिवशी दूधभात. आमच्याकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणजे मटण. आई मटणाची इतकी शौकीन की लहानपणी नळीची हाडं तिच्या ताटात जायच्या आधी आम्ही भावंडं पळवायचो. त्याच आईने ताट बाजूला सारलं. "भूक नाही बाई," म्हणाली.

आता माझा स्वभाव तापट. पहिले दोन आठवडे मी चिडचिड करत काढले. आम्ही दोघं ऑफिसला, लेक शाळेत, आणि घरी ही बाई शिकरण खाऊन दिवस काढतेय, हे मला बघवेना. मी तिला भाकरी करून दिली, तर इथलं पीठ चिकट आहे म्हणाली. भाजणीचं थालीपीठ केलं, तर त्याचं तळहाताएवढं मऊ मधलं खाल्लं आणि कडा बशीत तशाच. आल्यागेल्याला मी हसून सांगायची, आमच्या आईने बहरीनमध्ये संन्यास घेतलाय.

मग एका सकाळी ती केस विंचरताना मला तिच्या बांगड्या दिसल्या. येताना मनगटावर घट्ट होत्या, आता हात वर केला की सरळ कोपरापर्यंत घसरत होत्या. ब्लाउजच्या बाहीत माझी दोन बोटं सहज गेली. माझं हसू तिथेच संपलं.

माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, पोटाच्या कॅन्सरने गेली. तिचंही "भूक नाही" पासूनच सुरू झालं होतं. तीही हसत हसतच ताट सारायची आणि आम्ही सगळे तिला म्हणायचो, बरी बारीक झालीस. तपासणी होईपर्यंत सगळं हाताबाहेर गेलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात "भूक नाही" हे दोन शब्द कुणी सहज उच्चारले तरी माझी नजर आधी त्याच्या ताटावर जाते. आणि आता ते आईच्या तोंडी होते.

मी तिला घराजवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. आम्ही सलमानियात राहतो, तिथे हाकेच्या अंतरावर डॉक्टरांची कमी नाही. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, सावकाश विचारत होत्या. त्या हिंदीत विचारायच्या, मी मराठी करायची.

"गिळायला त्रास होतो का म्हणून विचारतायत."

"काही न्हाई."

"पोटात दुखतं का?"

"न्हाई गं. मला काय झालंय?"

"मग खात का नाहीस म्हणतायत."

"सांग त्यांना, उपास हायत."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. दोन्हींत काही निघालं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण मावशीच्या वेळीही पहिल्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वजन इतकं उतरलंय तर एकदा दुर्बीण घालून पोट आतून बघून घेऊ. रविवारी सकाळी उपाशीपोटी आणा. उपाशीपोटी राहण्याची तयारी आमची दांडगी आहे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.  घरी परतताना आई गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती, आणि मी तिच्याकडे बघण्याचं टाळत होते.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी लेकीने दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी बीन्स मागितले. घरातले पिंटो संपले होते आणि कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, जायचा मला कंटाळा आला होता, म्हणून सकाळीच मी आईची ती पिशवी उसवली आणि वाघ्या घेवडा भिजत घातला. संध्याकाळी घोटायला घेतला, तर आई स्टूल ओढून शेजारी येऊन बसली.

"हे काय करतीस? आख्ख्या घेवड्याचा लगदा?"

"तुझ्या नातीला असाच लागतो."

"साल कुठं गेली?"

"गेली त्यातच. शोधून दाखव."

तिने उलथन्यावरचं थोडं बोटावर घेऊन नुसतं निरखलं आणि पुन्हा कढईत लावलं. बुधवार होता, उपास नव्हता. तरीही खाल्लं नाही. "वास बरा सुटलाय," एवढं म्हणून उठून गेली. मी घोटत राहिले, पण माझं लक्ष उडालं होतं. शिजल्या अन्नाचा वास आवडतो आणि तरी ते तोंडात घालवत नाही, असंच मावशीचं व्हायचं.

लेकीचा डबा भरून उरलेलं मी काचेच्या भांड्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. आईने सकाळीच हॉलमध्ये घट मांडला, त्याला गजरा घातला, समई लावली. मी ऑफिसला गेले खरी, पण कामात जीव नव्हता. एकच आकडा तिसऱ्यांदा चुकला तेव्हा सरळ अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी घरी आले. लॅचची किल्ली माझ्याकडे असते. बेल वाजवली नाही.

हॉलमध्ये समई तेवत होती. आई तिथे नव्हती. स्वयंपाकघरातून चमच्याचा आवाज आला.

ती ओट्याशी उभी होती. समोर माझं काचेचं भांडं, शेजारी दह्याची वाटी. ती चमच्याने घेवडा खात होती. मोठे मोठे घास, एक गिळून होतो न होतो तोच दुसरा. भांडं निम्म्याहून जास्त रिकामं झालं होतं. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आई खातेय! मग तिने वळून पाहिलं. तिचे दोन्ही गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली, चेहरा अर्धा झालेला. क्षणभर मला वाटलं, एका सकाळीत इतकी खंगली?

तिने झटकन पदर तोंडावर घेतला. तेव्हा मला बेसिनजवळची स्टीलची वाटी दिसली. वाटीत पाणी, पाण्यात कवळी.

आईला कवळी आहे हे मला माहीत होतं. पण ती तिने कधी कुणासमोर काढली नव्हती. सकाळी बाथरूममधून बाहेर येताना दात तोंडात, आणि रात्री दिवा मालवल्याशिवाय बाहेर नाहीत. माझ्या लेखी ते तिचे दातच होते. कवळी म्हणून कधी आठवलंच नव्हतं.

"आई, काय झालं?"

"काही न्हाई. चव बघत होते."

"अर्धं भांडं?"

तिने चमचा खाली ठेवला. मग पदराआडून म्हणाली, "खालची फुटलीय. आल्या आल्याच. धुताना हातातून निसटली अन् बेसिनवर आपटली. टवका गेलाय एका बाजूचा. घातली की हिरडीत घुसते. चावलं की डोळ्यात पाणी येतं."

"आणि इतके दिवस तू सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? दुरुस्तीला टाकायची म्हणजे चार-आठ दिवस गेले. तोवर जावईबापूंसमोर बोळकं घेऊन हिंडू? पयल्यांदा आले मी त्यांच्या घरी."

"आणि हे उपास? सोमवार, शनिवार, देवीचा मंगळवार?"

"उपासाचं सगळं मऊ असतं बाई," ती म्हणाली.  "नुसतं न्हाई न्हाई म्हणलं की तू विचारत बसशील. उपास म्हणलं की कोण विचारतं?"

त्यावर मी जी ओरडले, ती शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनाही ऐकू गेली असणार. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. दात महत्त्वाचे की जीव, असं बोलले. रविवारी तुझ्या पोटात नळी घालणार होते, असं बोलले. आणि शेवटी जे इतके दिवस नवऱ्याजवळही धड बोलले नव्हते, ते बोलले. "अगं, मला वाटलं तू मावशीच्या वाटेने निघालीस!"

आईने पदर खाली घेतला. तिला तो धरून ठेवायचं भानच राहिलं नाही.

"मी? मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "अगं, भूक लागते मला! नुसती आग पडते पोटात. तुमचं शुक्रवारचं मटण शिजायला लागलं की मी तिकडं खोलीत तोंड फिरवून बसते. कालपासून ह्या घेवड्याचा वास डोक्यातनं जाईना. शेवटी म्हणलं, लक्ष्मीमाते, आजच्या दिवस तू तिकडं बघ."

 मी तिथेच फरशीवर बसले, ऑफिसच्या कपड्यांत, खांद्याला पर्स तशीच. आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. भूक लागते मला. इतकं सुंदर वाक्य मी त्या वर्षात दुसरं ऐकलं नव्हतं. आई वरून बघत होती. "उठ, घाण असती फरशीवर," म्हणाली, आणि भांड्यात उरलेला शेवटचा घास, माझ्यासमोरच, खाऊन टाकला.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग हसल्या, मग सॉरी म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. दुर्बीण तूर्तास नको, खाणं सुरू होऊ द्या, तीन आठवड्यांनी वजन बघू, असं ठरलं. तो फोन ठेवल्यावर लगेच दाताच्या डॉक्टरांना लावला. संध्याकाळी अदलियातल्या एका दवाखान्यात आईच्या हिरडीवर त्यांनी टॉर्च धरला आणि मला बोलावून दाखवलं. इतकी लाल, सोललेली जागा घेऊन ही बाई महिनाभर माझ्यासमोर हसत बसली होती. ही कवळी आता तोंडात घालायची नाही, असं त्यांनी बजावलं. जखम भरू दे, मग मापं घेऊन नवीन करू. तोवर दहा-बारा दिवस बिनादातांनी काढायचे.

आईने मान डोलावली. घरी येताना मात्र गाडीत पूर्ण वेळ पदर तोंडावर. घरात शिरली ती सरळ खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी पिशवीत उरलेला सगळा घेवडा कुकरला लावला. भिजवायलाही वेळ नव्हता, म्हणून गरम पाण्यात घालून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ शिजवला. नवरा आला. त्याला मी ओट्याशी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला. माझ्याइतकंच तोही घाबरला होता, फक्त बोलत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. खुर्चीवर बसून त्याने दोन ग्लास पाणी एकापाठोपाठ एक प्यायलं.

घेवडा घोटून झाला, ताटं घेतली. लेक आजीला बोलवायला गेली आणि एकटीच परत आली. "शी सेज शी इज नॉट हंग्री."

माझ्या हातातला डाव मी आपटलाच. आता मीच जाते म्हणून निघाले, तर नवऱ्याने मला थांबवलं आणि तो उठला. लोटलेल्या दारापाशी जाऊन उभा राहिला. आत डोकावला नाही.

"आई," तो म्हणाला, "तुमची लेक दोन आठवडे धड झोपलेली नाही. मला वाटतं, उठून उठून तुमचा श्वास ऐकायला यायची. तुम्ही जेवताना दिसलात तर आज तरी झोपेल. बघा तुम्ही."

तो परत येऊन आपल्या जागेवर बसला आणि ताटातला लिंबाचा तुकडा उगाच इकडचा तिकडे करत राहिला.  मग दार वाजलं. आई आली. डोक्यावरून पदर होता, पण तोंड उघडं. आत गेलेले गाल, वर आलेली हनुवटी, सगळं तसंच दिव्याच्या उजेडात घेऊन ती टेबलाशी आली आणि खुर्ची ओढून जावयाच्या बरोबर समोर बसली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"वाढ," ती म्हणाली. "भात पण घाल. आणि पोटभर वाढ, हात आखडू नको."

मी वाढलं. ती जेवली. पुन्हा घेतलं, आणि पुन्हा.  लेकीने लिंबू पिळून दिलं. ताट चाटून पुसून झाल्यावर आई पाणी प्यायली, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आता नीज जा तू."

भांडी सिंकमध्ये तशीच टाकून मी जाऊन पडले, आणि सकाळी गजर होईपर्यंत मला एकदाही जाग आली नाही.